सा एकच, सप्तक वेगळं

(या वेळच्या पत्रांत एकाच मालिकेबद्दल दोन पत्रं आली. पुढे शेवटापर्यंतचं सगळं उघड केलंय. मालिका बघायची राहिली असेल त्यांनी अंक बाजूला ठेवावा आणि आधी ती बघून यावं.)

प्रश्न : ताई, मी वीस वर्षांची आहे. गाव मिरज, सध्या शिकायला पुण्यात होस्टेलवर असते. मी आणि माझी रूममेट ‘साउंड! युफोनियम’ ही जपानी ॲनिमे मालिका एकत्र बघतो. शाळेच्या बँडची गोष्ट आहे. युफोनियम हे फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य वाजवणारी कुमिको आणि ट्रंपेट वाजवणारी रेइना, या दोघी जिवलग मैत्रिणी. मला पहिल्यापासून वाटतं की यांच्यात मैत्रीपेक्षा जास्त काहीतरी आहे. रूममेट म्हणते, तुला नसतं दिसतं. इतके दिवस हा वाद हसण्यावारी चालला होता. तिसऱ्या सीझनच्या बाराव्या भागात रेइना कुमिकोला सोडून दुसऱ्या मुलीला मत देते, ते बघून रूममेट म्हणाली, “ऐनवेळी जी मत देत नाही ती प्रेम काय करणार?” मी भांडले. त्या रात्री आम्ही मेसमध्ये वेगवेगळ्या जेवलो. तुम्ही सांगा, या दोघींचं जोडपं म्हणून जमलं असतं का? पत्रिका जुळवली असती तर किती गुण जुळले असते? (हे गमतीत.)
– एक वाचक, मिरज

उत्तर : वय लिहिलंस म्हणून ‘तू’ म्हणते. गमतीतलं आधी मिटवू. जन्मवेळ मूळ कादंबरीच्या लेखिकेने दिलेली नाही, त्यामुळे ३६ पैकी किती ते सांगता येणार नाही. पहिल्या भागात मात्र दोघींचा छत्तीसचा आकडाच आहे, आणि मला तिथूनच सुरुवात करायचीय.

माध्यमिक शाळेतली शेवटची स्पर्धा. जपानच्या या बँड स्पर्धांत पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. प्रत्येक बँडला सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य यांपैकी एक मिळतं, आणि सुवर्णवाल्यांतले मोजके बँड पुढच्या फेरीत जातात. उरलेल्यांच्या सोन्याला तिथली मुलं ‘दामे-किन’ म्हणतात, म्हणजे बिनकामाचं सोनं. कुमिकोच्या शाळेला तसंच मिळतं. चला, सोनं तर मिळालं, म्हणून ती सुस्कारा सोडते, तर शेजारी रेइना रडतेय. कुमिकोच्या तोंडून निसटतं, की तुला काय, खरंच आपण राष्ट्रीय फेरीला जाऊ असं वाटलं होतं? रेइना तिच्याकडे जे बघते, ते बघणं कुमिको विसरू शकत नाही. पुढच्या वर्षी दोघी उजी गावातल्या किताउजी हायस्कूलच्या बँडमध्ये पुन्हा समोरासमोर येतात.

आता माझं थोडं. मी ही मालिका प्रेमासाठी लावलीच नव्हती. भाचीच्या लॅपटॉपवर नावात ‘युफोनियम’ दिसलं म्हणून बसले. माझे वडील पोलीस बँडमध्ये युफोनियम वाजवायचे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, कुणाची बदली, कुणाची निवृत्ती, सगळीकडे ते वाद्य छातीशी धरून. घरात परेडचे जेवढे फोटो आहेत त्या सगळ्यांत वडिलांचा अर्धा चेहरा पितळेआड आहे. लोक विचारायचे, “तुमचे वडील तो मोठा भोंगा वाजवतात का?” तो ट्यूबा. “मग सॅक्सोफोन?” तोही नाही. पुढे पुढे आई सरळ “बँडमध्ये आहेत” एवढंच सांगायची. अशा वाद्यावर जपानी लोकांनी तीन सीझन काढले हे ऐकायला ते असते तर त्यांनी आधी विश्वास ठेवला नसता, मग वाजवणाऱ्या मुलीच्या बोटांत चूक काढली असती. (ती सापडली नसती. क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओने बोटं आणि व्हॉल्व्ह फार जपून रेखाटलेत.)

वडिलांनी शिकवलेली एक गोष्ट तुझ्या प्रश्नाला लागू पडते. ट्रंपेटची नळी सरळ केली तर साधारण दीड मीटर भरते. युफोनियमची त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून त्याचा सूर ट्रंपेटच्या बरोबर एक सप्तक खाली बसतो. वडील ट्रंपेटसारखीच लिहिलेली पानं वाचायचे, त्यामुळे दोन्ही वाद्यांवर तीन व्हॉल्व्ह दाबायची बोटं एकच. ट्रंपेटवाले काका आमच्याकडे आले की दोघे वाद्यं अदलाबदल करून वाजवायचे. बोटं सहज जायची, ओठ मात्र दोघांचेही फसायचे. ओसरीवर दोन वयस्क पोलीस हसून लोळताहेत, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

आयानो ताकेदा या मूळ कादंबरीकार बाईंनी हा हिशोब धरूनच या दोघींच्या हातात ही दोन वाद्यं दिली की नाही, कुणास ठाऊक. पण ऐकू तरी तसंच येतं. सा एकच, सप्तक वेगळं.

पहिल्या सीझनचा (२०१५) आठवा भाग तू किती वेळा पाहिलास ते विचारत नाही. ५ जूनची रात्र, उजीतली आगाता देवळाची जत्रा. शुइची हा बालपणीचा मित्र कुमिकोला जत्रेला चलतेस का विचारतो. गडबडीत ती शेजारून जाणाऱ्या रेइनाचा हात धरते आणि सांगते, मी हिच्याबरोबर जाणार आहे. रेइना ते खरं करते. सगळं गाव जत्रेत आणि या दोघी उलट्या दिशेने, दाइकिचि डोंगरावर. डोंगर म्हणायचं एवढंच, आपल्या पर्वतीच्या जातकुळीतली टेकडी. रेइनाने पांढरा झगा घातलाय, टाचांच्या चपला लागताहेत आणि ते दुखणंही तिला नकोसं नाही. कुमिको पाठीवर युफोनियम घेऊन चढतेय. पेटीसकट युफोनियम चढावर नेणं काय असतं ते मी पाहिलंय. निव्वळ शाळेतल्या ओळखीसाठी ते कुणी करत नाही. अंधारात तिला रेइना जपानी कथांमधल्या हिमस्त्रीसारखी वाटते, जिच्या मागे माणूस भान हरपून जातो आणि गोठून मरतो.

वर गेल्यावर रेइना तिला सांगते, की तुझा स्वभाव वाईट आहे, आणि तोच मला आवडतो. बाहेरून गोड, आतून थंड, तोंडातून भलतंच निसटणारी. तिच्या चेहऱ्यावरून बोट फिरवते. ही प्रेमाची कबुली आहे असंही म्हणते. मग खाली गावाचे दिवे आणि वर दोन वाद्यांचं एकच गाणं. तीन भाग पुढे, ट्रंपेटच्या सोलोवरून सगळा बँड रेइनाच्या विरोधात गेल्यावर, कुमिको तिला वचन देते. तुझी साथ सोडली तर मला मारून टाक. आणि आता कुमिको म्हणते, की ही प्रेमाची कबुली आहे.

तेव्हा तुला नसतं दिसत नाही. जे दिसतं ते काढणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून काढलंय. कुणी म्हणेल, पंधरा-सोळाच्या मुली असंच बोलतात. बोलतात. मीही त्या वयात एका मैत्रिणीला रक्ताने चिठ्ठी लिहिली होती (रक्त कमी पडलं, निम्मी कुंकवाने पूर्ण केली). पण मी ती लिहिताना पार्श्वसंगीत नव्हतं आणि कुणी माझ्या पापण्यांवर चांदणं रंगवत नव्हतं.

रूममेटच्या बाजूनेही बोलायला हवं. त्याच सीझनमध्ये रेइना सांगून टाकते, की तिचं प्रेम बँडचे शिक्षक ताकी सरांवर आहे. ते प्रेम एकतर्फी आहे, आणि मालिका त्याला पुढे जाऊ देत नाही हे चांगलंच करते. तरी रेइनाच्या मनात त्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं आहे, ही गोष्ट हिमस्त्रीच्या नादात आपण विसरतो. कुमिको विसरत नाही. सरांची पत्नी वारली हे कुमिकोला आधीच माहीत होतं आणि तिने सांगितलं नाही, हे कळल्यावर दुसऱ्या सीझनमध्ये रेइना किती बिनसते ते आठव.

आता बारावा भाग.

तो बघण्याआधी एवढं लक्षात घे, की तिसरा सीझन २०२४मध्ये आला. मधल्या काळात, १८ जुलै २०१९ला, या स्टुडिओला एका माणसाने आग लावली. कुमिको आणि रेइना ज्या चेहऱ्यांनी आपल्याला माहीत आहेत ते चेहरे आखणाऱ्या शोको इकेदा त्या आगीत गेल्या. तिसऱ्या सीझनमध्ये तेच डोळे पुन्हा दिसले तेव्हा मी भाचीला चहा करायला पाठवलं, कारण मला एकटीला बसायचं होतं.

तर कुमिको आता बँडची अध्यक्ष. जो उत्तम वाजवेल तो सोलो वाजवेल, हे तत्त्व तिनेच सगळ्यांना पटवलंय. मायू नावाची नवी मुलगी युफोनियमवर तिच्या तोडीची, कदाचित वरचढ. राष्ट्रीय फेरीसाठी ट्रंपेट आणि युफोनियम मिळून वाजवायचा तुकडा कुणी वाजवायचा ते ठरवायला पडद्यामागून दोघींना वाजवायला लावतात, सोबत ट्रंपेटवर रेइना. मतं बरोबरीत. शेवटचं मत रेइनाचं. ती कुमिकोला निवडत नाही. मूळ कादंबरीत इथे कुमिकोच जिंकते. हे ॲनिमेवाल्यांनी बदललं, आणि त्यावरून चाहत्यांत रण माजलं.

पडदा होता म्हणून रेइनाला कळलं नाही, असं समजू नकोस. तिला कुमिकोचा सूर ओळखू येणार नाही? तिने ओळखूनच दुसरा सूर निवडला. नंतर त्याच टेकडीवर ती कोसळून रडते. आणि कुमिको, जिचं तीन वर्षांचं स्वप्न तासाभरापूर्वी गेलंय, तिला सांगते की तू तसं केलंस याचाच मला अभिमान आहे. मग तीही रडते, आणि पहिल्या भागातल्या रेइनासारखीच मरणाची चुटपुट लागून रडते. जिला एकेकाळी ‘खरंच वाटलं होतं का’ असं विचारवलं होतं, तिला आता खरंच वाटलं होतं.

इथे मला ट्रंपेटवाल्या काकांचं उरलेलं सांगावं लागेल. बावीस वर्षं ते आणि वडील एका रांगेत उभे राहिले. एका मोठ्या कार्यक्रमाआधी बँडमास्तरांनी वडिलांना बाजूला घेऊन विचारलं, की यांचे ओठ आता सोलोला पुरतील का? वडील म्हणाले, नाही. खरं तेच होतं. आम्हा मुलांनासुद्धा कळायचं की वरचा सूर फाटतोय. सोलो एका तरुण हवालदाराला गेला. काकांना कुणीतरी सांगितलंच. त्यानंतरही ते दिवाळीला यायचे, पण ओसरीवर बसायचे, आत यायचे नाहीत. वाद्यांची अदलाबदल पुन्हा झाली नाही. वडिलांनी कधी विषय काढला नाही आणि काकांनीही. आईने एकदा वडिलांना विचारलं, खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? वडील म्हणाले, “सूर.” मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, “मी आधी त्याला सांगायला हवं होतं.”

म्हणून ती बाराव्या भागातली टेकडी बघताना माझा जीव वर-खाली होत होता. आमच्या ओसरीवर जे झालं नाही ते तिथे झालं. रेइना सांगायला गेली, कुमिको ऐकायला थांबली. प्रेमात जमतं की नाही याची परीक्षा मी आठव्या भागातल्या चांदण्यात घेणार नाही. तिथे कुणाचंही जमेल. बाराव्यात घेईन. आणि तिथे या दोघी मी पडद्यावर पाहिलेल्या बहुतेक जोडप्यांपेक्षा जास्त गुणांनी पास होतात. रूममेट म्हणते तिने मत दिलं नाही. मला वाटतं, तिने दुसरं मत दिलं असतं तर कुमिकोने तिला माफ केलं नसतं.

तेव्हा जमलं असतं का? हो, माझ्या मते जमलं असतं. सुखाचं झालं असतं असं म्हणत नाही. रेइनाला ‘खास’ व्हायचंय, आणि अशा माणसाबरोबर राहणाऱ्याला रोजची भाजी आणावी लागते. तुला ताप आहे हे तिला संध्याकाळचा सराव संपल्यावर कळलं असतं. कुमिकोचं निसटणारं तोंड तीस वर्षांच्या संसारात किती कप फोडेल कुणास ठाऊक. पण एकमेकींशी खोटं बोलावं लागलं नसतं, आणि ती चैन फार थोड्या घरांत असते.

मालिकेने मात्र त्यांना तिथवर नेलं नाही. रेइनाची वाट अमेरिकेकडे जाते, कुमिको शिक्षिका होऊन किताउजीत परतते. उजी हे गावच तसलं असावं अशी माझी एक खुळी कल्पना आहे. हजार वर्षांपूर्वी मुरासाकी शिकिबू या बाईंनी लिहिलेल्या ‘गेंजी’च्या शेवटच्या दहा प्रकरणांची गोष्ट याच गावाभोवती फिरते. तिथेही प्रेमं जुळता जुळता राहतात, आणि शेवटचं प्रकरण निरोप पोचला-न पोचला अशा जागी तुटतं. उजीच्या पुलाशी त्या बाईंचा पुतळा आहे. कुमिको त्याच नदीच्या काठच्या बाकावर बसून विचार करत असते. त्या नदीकाठी कुणाचं स्पष्ट काही होईल अशी अपेक्षाच चुकीची.

लग्नाचं तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगावं लागलं असतं, की दोन बायकांच्या लग्नाला जपानमध्ये देशपातळीवर कायदा नाही, आणि आपल्याकडेही २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न संसदेकडे टोलवला.

एक राहिलं. पत्रात तू कुमिको-रेइनाबद्दल पानभर लिहिलंस आणि मेसमध्ये वेगवेगळं जेवल्याबद्दल एक ओळ. मी ती ओळ तीनदा वाचली. रूममेटशी तुझं भांडण एका जपानी मुलीच्या मतावरून झालं असेल तर ते आठ दिवसांत मिटेल, काळजी करू नकोस. दुसऱ्या कशावरून असेल, तर त्या दोघींना मध्ये घालून बोलू नकोस. त्यांना तुमचं काही माहीत नाही. पुण्यात टेकड्यांना तोटा नाही. जाताना युफोनियम नेलं नाही तरी चालेल, पाण्याची बाटली ने.

प्रश्न : सगळे कुमिको आणि रेइनाबद्दल बोलतात. शुइचीचं काय? तो इतका वाईट आहे का?
– ट्राँबोन न वाजवणारा एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच नाही. एकाच इमारतीत वाढलेला, जत्रेला विचारायचं धाडस करणारा आणि नकार पचवणारा मुलगा. २०१९च्या चित्रपटात दोघं काही दिवस एकत्र असतातही. मग कुमिको सांगते की बँडपुढे मला हे झेपत नाहीये, आणि त्याने दिलेली केसांची क्लिप परत करते. तो थयथयाट करत नाही, वाट बघतो. मूळ कादंबऱ्यांत तर कुमिकोचं त्याच्याशीच जुळतं, त्यामुळे ‘रेइनाचा हक्क त्याने हिरावला’ वगैरे बोलणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

त्याची अडचण एवढीच, की टेकडीवर जाणाऱ्या मुलीसमोर तो जत्रेतली मिठाई घेऊन उभा आहे. पण त्याच्या हातातलं वाद्य बघा. ट्राँबोनच्या नळीवर सूर कुठे आहे याची खूण नसते, व्हॉल्व्हही नसतात. नळी मागे-पुढे सरकवत जागा कानाने शोधावी लागते, आणि पहिली काही वर्षं ती चुकतेच. वडिलांच्या बँडमधले ट्राँबोनवाले सगळ्यात उशिरा नीट वाजवायला लागायचे. एकदा लागले की मात्र निवृत्तीपर्यंत बेसूर होत नसत.